जबाबदारी व्यक्तीची की वस्तीची? पोलिसांचा संशय, अमेरिकेतील वर्णभेद आणि आपला सीमाभाग

मार्कंडेयकाठ (बेळगाव)

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आमच्या वाचनमंडळात जॉर्ज फ्लॉइड प्रकरणावर बोलणे निघाले आणि ते अर्धवट राहिले, म्हणून हा धागा काढत आहे. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात वीस डॉलरची खोटी नोट चालवल्याच्या संशयावरून या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी धरले, बेड्या घालून रस्त्यावर पालथे पाडले आणि डेरेक शॉव्हिन या अधिकाऱ्याने सुमारे साडेनऊ मिनिटे त्याच्या मानेवर गुडघा दाबून ठेवला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात हा प्रकार प्रकृती बिघडल्याचा म्हणून नोंदवला होता. १७ वर्षांच्या एका मुलीने तिथे उभे राहून मोबाईलवर चित्रीकरण केले नसते, तर शॉव्हिनला २०२१ मध्ये साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली असती, असे मला वाटत नाही.

आमच्या मंडळातील एक वयोवृद्ध सदस्य, ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणाले, "त्याने मुकाट्याने गाडीत बसायला हवे होते. सरळ वागणाऱ्याला पोलिसांची भीती कशाला?" निम्म्या लोकांनी मान डोलावली आणि त्यात मीही होतो. घरी परतताना मात्र जाणवले की हेच वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, फक्त ते आपल्याकडच्या बेरड समाजाच्या वस्तीविषयी, पारध्यांच्या पालांविषयी बोलले जाते. माणसाने आपल्या वागण्याची जबाबदारी घ्यावी हे मला मान्य आहे. पण पोलिसांची नजर आधीपासूनच एका समाजावर रोखलेली असेल, तर त्या जबाबदारीचा हिशोब कसा मांडायचा? सर्वांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

घाटमाथा (खानापूर)

मी त्या वयोवृद्ध सदस्यांच्या बाजूचा आहे आणि कारणे देऊन लिहितो.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येत साधारण १३ टक्के आहे, पण खून होणाऱ्यांमध्ये ते निम्म्याच्या आसपास जाते. जिथे गुन्हे अधिक घडतात तिथे पोलीस अधिक फिरणार. त्यांनी तिथे फिरू नये असे म्हणणे म्हणजे त्याच वस्तीतील गरीब, सज्जन माणसाला वाऱ्यावर सोडणे होय. दुसरे असे की, जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिस शहरात टायरी निकोल्स या तरुणाला ज्या पाच पोलिसांनी मारहाण केली आणि ज्यात त्याचा जीव गेला, ते पाचही जण कृष्णवर्णीयच होते. मग त्याला वर्णभेद म्हणायचे कसे? तिसरे, हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर, जे स्वतः कृष्णवर्णीय आहेत, त्यांना २०१६ साली मांडलेल्या अभ्यासात पोलिसांच्या गोळीबारात वर्णाचा फरक आढळला नाही.

माझे वडील बेळगावच्या मार्केट यार्डात हमाली करत. आम्ही सहा भावंडे एका खोलीत वाढलो. वडिलांचे एकच सांगणे असे की, आपल्या दारात पोलीस येता कामा नये, आणि तो कधी आला नाही. परिस्थितीला दोष देत बसलो असतो तर आज मी हे लिहायला बसलो नसतो. माणसाला त्याच्या कर्माचा धनी मानणे यातच त्याचा खरा सन्मान आहे, असे मी मानतो.

शहापूरची लेक (बेळगाव)

घाटमाथा अण्णा, तुमच्या वडिलांविषयी वाचून भरून आले. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या मुद्द्यापुरतेच लिहिते.

गुन्हे जास्त म्हणून तपासणी जास्त, या म्हणण्याची परीक्षा घेता येते. समजा, कोगनोळीच्या नाक्यावर पोलीस चोरटी दारू शोधत आहेत. एका प्रकारच्या शंभर गाड्या अडवल्या, तर दहांत दारू सापडते आणि दुसऱ्या प्रकारच्या शंभर गाड्या अडवल्या, तर पाचांतच सापडते. याचा सरळ अर्थ असा की, दुसऱ्या प्रकारची गाडी कमी कारण असतानाही अडवली जात आहे. संशयाला खरोखर आधार असता, तर दोन्हीकडे सापडण्याचे प्रमाण जवळपास सारखे निघाले असते.

न्यूयॉर्कमध्ये पोलीस रस्त्यावरच्या माणसाला थांबवून त्याची अंगझडती घेत. त्याविषयीच्या खटल्यात २०१३ साली न्यायाधीश शिरा शाइन्डलिन यांनी निकाल दिला आणि त्यात पोलिसांच्याच नोंदी तपासल्या गेल्या. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात ४४ लाख वेळा माणसे थांबवली गेली. त्यांपैकी ५२ टक्के वेळा थांबवलेला माणूस कृष्णवर्णीय होता, आणि शहराच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा २३ टक्के होता. ८८ टक्के वेळा ना अटक झाली, ना दंड. माणूस सोडून द्यावा लागला. कृष्णवर्णीयांना थांबवले तेव्हा शंभरात एकदा शस्त्र मिळाले, गोऱ्यांना थांबवले तेव्हा १.४ वेळा. म्हणजे ज्यांच्यावर संशय अधिक, त्यांच्याकडे सापडले कमी.

पुढे काय झाले तेही सांगते, कारण सज्जन माणूस वाऱ्यावर पडेल ही तुमची भीती रास्त आहे. २०११ साली या शहरात ६,८५,७२४ वेळा माणसे थांबवली गेली आणि ५१५ खून झाले. २०१७ पर्यंत थांबवण्याची संख्या बारा हजारांच्या खाली आली आणि खून झाले २९२. थांबवणे कमी केल्यामुळे खून कमी झाले, असे मी म्हणणार नाही. पण ते थांबवणे खून रोखत होते हा दावा त्यानंतर टिकत नाही.

फ्रायर यांच्या अभ्यासाचा अर्धाच भाग आपल्याकडे पोहोचला आहे. त्याच अभ्यासात धक्का देणे, भिंतीला रेटणे, बेड्या घालणे अशा बळाच्या वापरात कृष्णवर्णीयांच्या वाट्याला गोऱ्यांपेक्षा ५० टक्क्यांहून अधिक जादा येते, असेही निघाले होते. गोळीबाराविषयीच्या निष्कर्षावर २०२० साली इतर संशोधकांनी आक्षेप घेतला. पोलिसांच्या नोंदीत फक्त थांबवलेली माणसेच येतात. थांबवतानाच भेदभाव झाला असेल, तर पुढचा सगळा हिशोब त्या चाळणीतून गळून आलेला असतो. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी मात्र सुमारे साडेनऊ कोटी वाहन-तपासण्या पाहून एक साधी गोष्ट दाखवली. संध्याकाळी अंधार पडला, चालकाचा चेहरा दिसेनासा झाला, की थांबवल्या जाणाऱ्यांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण खाली येते. मी हे वर्गात शिकवते तेव्हा मुले काही क्षण अगदी गप्प होतात.

मार्कंडेयकाठ (बेळगाव)

अक्का, आभार. 'वैयक्तिक जबाबदारी' या शब्दांशी थेट भिडणारे एक प्रकरण मी या आठवड्यात वाचून काढले.

मिसूरी राज्यातील फर्ग्युसन गावात ऑगस्ट २०१४ मध्ये मायकेल ब्राउन हा तरुण पोलिसाच्या गोळीने मरण पावला. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने दोन अहवाल एकाच वेळी दिले. पहिल्यात म्हटले की, गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरण्याजोगा पुरावा नाही आणि ब्राउनने हात वर केले होते असे सांगणाऱ्या साक्षी भरवशाच्या नाहीत. घाटमाथा यांच्या बाजूने जाणारी ही गोष्ट मी दडवणार नाही. दुसरा अहवाल मात्र त्या गावच्या संपूर्ण पोलीस खात्याविषयी होता. गावात ६७ टक्के कृष्णवर्णीय असताना अटक झालेल्यांत ते ९३ टक्के होते. गाडी थांबवल्यावर झडती घेण्याचे प्रमाण त्यांच्या बाबतीत दुपटीहून अधिक होते, पण त्यांच्याकडे बेकायदा वस्तू सापडण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी होते. नगरपालिकेची तिजोरी दंडाच्या पैशांवर भरत असल्याने जास्तीत जास्त दंड करा, असा पोलिसांवर वरूनच दबाव होता.

त्यात एका बाईची हकिकत आहे. २००७ मध्ये तिने एकदा गाडी चुकीच्या जागी उभी केली. दंड झाला १५१ डॉलर आणि वर शुल्क. ती गरीब होती आणि काही काळ बेघरही होती. तारखा चुकल्या, नवा दंड चढला, अटकेचे हुकूम निघाले. एकंदर सहा दिवस तिने कोठडीत काढले, ५५० डॉलर भरले आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये तिच्या नावावर अजून ५४१ डॉलर बाकी होते.

हे का घडते, असे चौकशी करणाऱ्यांनी विचारले, तेव्हा गावच्या अनेक अधिकाऱ्यांनी उत्तर दिले की, या लोकांत वैयक्तिक जबाबदारीची जाणीव नाही. आणि त्याच अहवालात त्याच गावच्या कारभाऱ्यांच्या ईमेलही नोंदवलेल्या आहेत. स्वतःचे, मित्रांचे, ओळखीच्यांचे दंड परस्पर रद्द करून घेणाऱ्यांत नगर न्यायाधीश होते, न्यायालयाच्या लिपिक होत्या आणि पोलीस खात्यातील वरिष्ठही होते. मी ते पान दोनदा वाचले.

निपाणीकर (निपाणी)

आपल्या मराठी माणसांनी हा विषय परका मानू नये. ठाण्यात गेल्यावर आपली तक्रार आपल्या भाषेत घेतली गेली नाही, 'कन्नडात बोला' असे ऐकावे लागले, म्हणून आपण इथे कितीदा तरी लिहिले आहे. तो अपमान खरा आहे. पण त्याच आपण दारात पारधीण आली की अंगणातली भांडी उचलून आत ठेवतो.

हिरण्यकेशी (हुक्केरी तालुका)

चार दिवस हा धागा वाचत होतो. लिहावे की नाही हे ठरत नव्हते, आज लिहितो.

१९९६ साल. आमच्या विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर एका रात्रीत चोरीला गेली. ऊस उभा होता, उन्हाळा तोंडावर होता आणि घरात सगळे हवालदिल झाले होते. मी नुकताच पदवीधर झालेला, त्यात कन्नड शाळेत शिकलेला, म्हणून वडील आणि चुलते मला घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "यार म्याल संशय ऐति?" म्हणजे कोणावर संशय आहे? वडील गप्प बसले. चुलते म्हणाले, "बेरड वस्तीतलं ते पोर, राखणीला येतं ते." त्या मुलाने चोरी केल्याचे कोणी पाहिले नव्हते. तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता, दोन हंगाम आमच्या शेताची राखण करत होता, आणि त्याच्या आज्याकडे एकेकाळी गावच्या राखणीचे वतन होते. तरीही मी अर्जात त्याचे नाव लिहिले. अक्षर माझे, शाई माझी.

त्याला चार रात्री ठेवले. अटकेची नोंद झाली नव्हती हे मला फार उशिरा कळले. तिसऱ्या दिवशी त्याची आई आमच्या सोप्यात आली. तिला ठाण्याच्या आत सोडत नव्हते, म्हणून भाकरीचे गाठोडे तिने माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "तुमचं ऐकत्यात, तेवढं पोचवा." मी ते घेऊन गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही तळपाय सुजून काळेनिळे झाले होते, त्यामुळे पाय पुढे पसरलेले होते. त्याने गाठोडे मांडीवर घेतले, सोडले नाही, आणि मला विचारले, "अण्णा, अर्ज तुम्ही लिवला?" मी काहीच बोललो नाही.

वीसेक दिवसांनी मोटरीच्या तांब्याचा पत्ता लागला. भंगारवाल्याला ते आमच्याच पाहुण्यांपैकी एकाने विकले होते. मग घरात बैठक झाली, त्याला चार शब्द सुनावले गेले, पैसे वळते झाले आणि विषय मिटला. दुसरा अर्ज कोणी लिहिला नाही. आमचा अख्खा भाऊबंद चोर आहे, असे गावात एकानेही म्हटले नाही. चोरी एकट्याची होती आणि ती त्याच्या एकट्याच्याच नावावर राहिली. त्या मुलाचे नाव मात्र ठाण्याच्या वहीत चढले. त्यानंतर आसपास कुठेही बॅटरी गेली, शेळी गेली, की त्याला बोलावणे येई. तीन वर्षांनी तो गवंडीकामाला गोव्याला निघून गेला.

घाटमाथा, आपण जबाबदारीविषयी लिहिले आहे. त्या प्रकरणात जबाबदारी चुकवणारा माणूस मी आहे.

निवृत्त हवालदार (गोकाक)

हिरण्यकेशी अण्णांनी लिहिले ते वाचून मला बसवेना. मी तीस वर्षे खाकी घातली आणि त्या काळात माझ्या हातूनही अशी माणसे ठाण्यात आणली गेली आहेत.

ठाण्यात हे कसे घडते ते सांगतो. चोरी झाली की वरून विचारणा होते, डिटेक्शन किती, रिकव्हरी किती, म्हणजे गुन्हे किती उघडकीला आणले आणि माल किती परत मिळवला. माणसे अपुरी, बंदोबस्त रोजचा, आणि ठसे घेऊन तपास करायला ना वेळ असतो ना साधने. कपाटात मात्र एक वही तयार असते. एकदा ज्याचे नाव त्यात गेले, त्याच्या घरी रात्रीच्या गस्तीत दार वाजवून तो आहे की नाही हे पाहायचे आणि नोंद करायची, असे काम नव्या शिपायाला पहिल्याच महिन्यात देतात. तक्रारदाराने त्याच वस्तीतील नाव सांगितले की वही आणि अर्ज एकमेकांना दुजोरा देतात. सुरुवात कोणी केली हे कोणाच्या लक्षात राहत नाही. मेम्फिसचा प्रश्न वर आला आहे, त्याचे उत्तर मला यातच दिसते. माझ्याबरोबरचे काही शिपाई स्वतः बेरड समाजाचे होते. त्यांनाही तीच वही दिली जाई आणि त्यांचाही हात तसाच चाले. माणूस कोणत्या जातीचा हे पाहण्यापूर्वी त्याला कोणती सवय लावली गेली हे पाहावे लागते.

त्या वहीची मुळे फार जुनी आहेत. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो देशभर, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्यातही, लागू झाला. माणसाने काही केले असो वा नसो, अमुक जमातीत जन्मला एवढ्यावर त्याची नोंदणी, त्याचे ठसे आणि त्याची हजेरी. हुबळीत अशा जमातींसाठी वसाहत उभी केली होती. तो भाग आजही सेटलमेंट याच नावाने ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. पण त्यांच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि वहीचे फक्त मुखपृष्ठ बदलले. बेळगावजवळच्या यमनापूरचे डॉ. भीमराव गस्ती बेरडांवरच्या खोट्या आळांविरुद्ध झगडत राहिले. त्यांचे 'बेरड' हे आत्मकथन आमच्या खात्यात निदान अधिकाऱ्यांनी तरी वाचायला हवे होते. मी ते निवृत्तीनंतर वाचले.

वरून दबाव होता हे खरे आहे. पण त्या रात्री काठी कोणी उचलली याचे उत्तर दबावाने मिळत नाही. मिनियापोलिसमध्ये बाकीचे तीन पोलीस जवळ होते. त्यांनी थांबवले नाही म्हणून त्यांनाही शिक्षा झाली. ते वाचले तेव्हा मला झोप लागली नाही.

घाटमाथा (खानापूर)

हिरण्यकेशी यांस. आपली हकिकत मी दोनदा वाचली. माझे वडील सांगत ते मी आजही मानतो. पण आमच्या दारात पोलीस आला नाही याचे श्रेय मी सगळे घरच्या संस्कारांना देत आलो होतो. आमच्या खोलीशेजारी एक कुटुंब राहत असे. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता, माझ्याइतकाच गरीब आणि अभ्यासात माझ्याहून हुशार. यार्डात काही गेले की पोलीस पहिल्यांदा त्यांच्या दाराशी येत. आमचे दार मध्ये लागत असे, ते ओलांडून जात. ते दार ओलांडले का जात होते, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडला नव्हता.

गुन्हेगाराला गुन्हेगार म्हणण्यात कच खाऊ नये, हे माझे मत कायम आहे. मात्र एकाच्या कर्माचा भार साऱ्या वस्तीवर टाकणे याला मी यापुढे जबाबदारी म्हणणार नाही.

वकील (चिकोडी)

कायद्याची बाजू थोडक्यात लिहितो, कारण ती उपयोगाची आहे.

अटक केलेल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने बंधनकारक आहे. चार रात्री ठेवणे हे १९९६ सालीही बेकायदाच होते. डी. के. बसू प्रकरणात १९९६ च्या डिसेंबरमध्ये आणि अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेविषयी स्पष्ट नियम घालून दिले. ठाण्याच्या वहीविषयी बोलायचे तर, ७ मे २०२४ रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले की, केवळ मागास किंवा वंचित समाजातील आहे म्हणून निरपराध माणसाचे नाव यांत्रिकपणे हिस्टरी शीटमध्ये, म्हणजे सराईत गुन्हेगारांच्या नोंदींत, घालता येणार नाही. पाठोपाठ ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगाच्या नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवला गेला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून वरील निर्देश पाळावेत, असे पोलिसांना बजावले.

हिरण्यकेशी, त्या गृहस्थांचे नाव अजून वहीत असेल, तर ते वगळण्यासाठी पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येईल आणि तिथे दाद मिळाली नाही तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जाता येईल. अर्ज त्यांनीच करायला हवा. मात्र मूळ तक्रार निराधार होती, असे तक्रारीवर ज्याचे अक्षर आहे त्याने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिले, तर त्याचे वजन मोठे असेल. मी शुल्क घेणार नाही.

हिरण्यकेशी (हुक्केरी तालुका)

वकीलसाहेब, आपल्या सांगण्याप्रमाणे मी कच्चा मसुदा तयार केला. ज्याचे नाव मी लिहिले होते तो गावच्या जत्रेसाठी गोव्याहून आला आहे हे कळल्यावर काल सकाळी वस्तीवर गेलो. त्याची आई आता नाही. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. इतक्या वर्षांनी कशासाठी, असे त्याने विचारले. त्याचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो आहे आणि चारित्र्य पडताळणीत बापाच्या वहीमुळे काही अडचण येईल का ही काळजी घरात आहे, हे मला त्याच्या सुनेकडून कळले. त्याने स्वतः त्याचा उल्लेख केला नाही.

मसुदा मी वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होते की, 'त्या वेळी तक्रारदाराकडून सदर इसमाविरुद्ध पुराव्याविना संशय व्यक्त करण्यात आला होता.' त्याने मला तिथे थांबवले आणि पुन्हा वाचायला सांगितले. मग विचारले, "तक्रारदार म्हंजे कोण?"

मी ते वाक्य खोडले आणि त्याच्यासमोर नव्याने लिहिले की, मी याचे नाव लिहिले, आणि तेव्हा माझ्याकडे कोणताही पुरावा नव्हता. सोमवारी दुपारी आम्ही दोघे आपल्या कार्यालयात येत आहोत.